विद्यापीठ चौकातील पूल पाडावे का लागले? शहराच्या वाहतुकीचे नियोजन कसे होते, याविषयी

पुण्यातील विद्यापीठ चौकात २००६ च्या सुमारास बांधलेले उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये पाडण्यात आले आणि त्यांच्या जागी जमिनीवर रस्ता, त्यावर पूल आणि त्याहून वर मेट्रो अशी रचना उभारण्यात आली. हे पाहून प्रश्न विचारला गेला आहे की, मुळात अशा कामांचे नियोजन होते का, होत असेल तर ते नेमके कसे होते, आणि एवढे करूनही कोंडी का सुटत नाही. वाहतूक नियोजनाच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम केल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे असे मला वाटते. आजच्या भारतीय मानकांनुसार पुलाची रचना साधारणपणे १०० वर्षांच्या आयुष्याचा हिशेब धरून केली जाते, आणि हे पूल १४ वर्षांत पाडावे लागले. पुलांच्या बांधकामात दोष होता म्हणून तसे झाले नाही. पूल बांधण्याचा निर्णय सर्वांत शेवटी व्हायला हवा होता. तो आधी झाला आणि ज्या प्रश्नांच्या उत्तरांतून तो निघायला हवा होता, ते प्रश्न नंतर विचारले गेले.

यातील पहिला प्रश्न रस्त्याविषयी नसून जमिनीविषयी असतो. माणसे हौसेने कोंडीत उभी राहत नाहीत. घर एकीकडे आणि काम, शाळा, दवाखाना दुसरीकडे असल्यामुळे ती रस्त्यावर येतात. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान औद्योगिक विकास महामंडळाने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून विकसित केले. ती जागा पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या क्षेत्रात होती. तेथे लाखो लोकांच्या नोकऱ्या निर्माण झाल्या, परंतु हे लोक रोज कोठून आणि कशाने येणार याचे उत्तर त्या मंजुरीचा भाग नव्हते. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचा करार २०१९ मध्ये झाला, म्हणजे उद्यान सुरू झाल्यानंतर जवळपास दोन दशकांनी. या मधल्या काळात तो सगळा भार दुचाकी, मोटारी आणि कंपन्यांच्या बस यांनी उचलला.

त्यात पुण्याच्या पश्चिम भागाची भौगोलिक रचना अवघड आहे. एका बाजूला चतुःशृंगी आणि वेताळ टेकडीची रांग, दुसऱ्या बाजूला विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार, खडकीचे लष्करी क्षेत्र आणि मुळा नदी, यांमुळे औंध, बाणेर आणि पाषाण या तिन्ही दिशांची वाहतूक विद्यापीठ चौकात एकत्र येऊन गणेशखिंड रस्त्याने शिवाजीनगरकडे जाते. पर्यायी वाट जवळपास नाहीच. अशा ठिकाणी कोंडी होणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ती कोंडी चौकात निर्माण होते की चौकात केवळ दिसते, हे ठरवायला मात्र अभ्यास लागतो.

तो अभ्यास असा होतो. शहर आणि त्याचा परिसर लहान-लहान विभागांत, म्हणजे झोनमध्ये, वाटला जातो. प्रत्येक झोनमधील काही घरे निवडून घरोघरी सर्वेक्षण केले जाते: घरात माणसे किती, उत्पन्न किती, वाहने किती, काल कोण कोठे, किती वाजता, कशाने आणि कशासाठी गेले. रस्त्याच्या कडेला वाहने थांबवून ती कोठून आली आणि कोठे निघाली हे विचारले जाते. चौकाचौकांत प्रकारानुसार वाहनांची गणना होते. त्यावरून चार पायऱ्यांचे गणित मांडतात: कोणत्या झोनमधून किती फेऱ्या निघतील, त्या कोणत्या झोनकडे जातील, त्यांतील किती बस, दुचाकी, मोटार किंवा रेल्वेने होतील, आणि शेवटी त्या कोणत्या रस्त्यावर किंवा मार्गावर पडतील. ही पद्धत १९५० च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागो येथील अभ्यासांतून घडली आणि आजही थोड्याफार फरकाने जगभर वापरली जाते.

गणित बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठी एखादी अशी रेषा लागते की, जी ओलांडल्याशिवाय शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाता येत नाही. पुण्याला मुठा नदीने अशी रेषा आयतीच दिली आहे. राजाराम पूल, म्हात्रे पूल, लकडी पूल, फक्त दुचाकींसाठी असलेला झेड ब्रिज, बालगंधर्व पूल, शिवाजी पूल अशा सर्व पुलांवर एकाच दिवशी गणना केली की, नदी ओलांडणाऱ्या वाहनांचा एकूण आकडा हाती येतो. गणिताने सांगितलेला आकडा आणि पुलांवर मोजलेला आकडा यांत मोठी तफावत असेल, तर त्या गणितावर पुढच्या २०-३० वर्षांचा अंदाज बांधण्यात अर्थ नसतो. कोणताही अहवाल हातात आला की मी आधी हीच तुलना पाहतो, आणि ती दिलेली नसेल तर पुढील सर्व आकडे संशयाने वाचतो.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण आपल्याकडच्या अनेक चुका त्यांतून आल्या आहेत. अमेरिकेत ती महामार्ग कोठे आणि किती रुंद बांधावेत हे ठरवण्यासाठी तयार झाली. त्यामुळे पायी चालणारा माणूस त्या हिशेबात बराच काळ नव्हताच. मुंबई महानगर प्रदेशासाठी २००५ ते २००८ या काळात झालेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात पायी फेऱ्याही मोजल्या गेल्या, तेव्हा एकूण फेऱ्यांपैकी जवळपास निम्म्या फेऱ्या संपूर्णपणे पायी होतात असे आढळले. लोकलचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुंबईची ही स्थिती आहे. मुलांना शाळेत सोडून, वाटेत भाजी घेऊन, पुढे कामावर जाणाऱ्या बाईच्या छोट्या-छोट्या टप्प्यांची फेरी सर्वेक्षणाच्या अर्जात बहुधा नीट उतरत नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, आणि म्हणून पदपथ हा रस्त्याचे काम झाल्यावर उरलेल्या जागेत करण्याचा विषय ठरतो. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना करून रुंद पदपथ कसे असू शकतात ते दाखवले. परंतु पुण्यातीलच, महामार्गावरच्या चांदणी चौकात जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी स्फोटाने पाडून बहुस्तरीय रचना उभारली, ती ऑगस्ट २०२३ मध्ये खुली झाली, आणि तेथे चालणाऱ्यांनी महामार्ग कसा ओलांडायचा हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला.

आता पुलाकडे वळू. सिग्नलचा अडथळा नसेल तर एका मार्गिकेतून तासाला साधारण १,८०० मोटारी जाऊ शकतात असे धरू. चौकात सिग्नल असेल आणि एका दिशेला एकूण वेळेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच हिरवा दिवा मिळत असेल, तर त्याच मार्गिकेतून तासाला ६०० मोटारी जातात. त्या दिशेला उड्डाणपूल बांधला की १,८०० मोटारी जाऊ लागतात, आणि पहिले काही दिवस सर्वांना हायसे वाटते. परंतु पुढच्या चौकात सिग्नल तसाच आहे आणि तो ६०० मोटारीच पुढे सोडणार आहे. म्हणजे रांग नाहीशी झालेली नसते. ती पुढच्या चौकात सरकलेली असते. पुढच्या चौकातही पूल बांधला तर ती त्याच्याही पुढे सरकते, आणि शेवटी जेथे पूल बांधायला जागाच नाही अशा जुन्या शहरात जाऊन थांबते.

याखेरीज रस्ता मोकळा झाला की माणसे आपले वागणे बदलतात. कोंडी टाळण्यासाठी सकाळी सात वाजता निघणारा नऊ वाजता निघू लागतो, बसने जाणारा दुचाकी घेतो, लांबच्या वाटेने जाणारा याच वाटेने येतो, आणि काही वर्षांत रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला नव्या गृहसंकुलांच्या जाहिराती ‘शहरापासून २० मिनिटांवर’ असे सांगू लागतात. याला प्रेरित मागणी म्हणतात. त्यामुळे रस्ते किंवा पूल बांधूच नयेत असा निष्कर्ष निघत नाही. अनेक ठिकाणी ते आवश्यकच असतात. परंतु आजची वाहने मोजून, त्यांत दरवर्षी ठरावीक टक्के वाढ धरून पुलाची गरज सिद्ध करणारा अहवाल ही मागणी हिशेबात घेत नाही, आणि म्हणून त्यातील लाभ कागदावर नेहमी मोठा दिसतो.

मग मोजायचे काय? माझे उत्तर स्पष्ट आहे: माणसे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांच्या नव्हे, माणसांच्या वहनाला केंद्रस्थानी ठेवले आहे. रस्त्यांची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या नागरी रस्त्यांच्या क्षमतेसंबंधीच्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्यावरील जागेच्या हिशेबासाठी मोटारीला १ एकक धरले, तर बसला रहदारीतील तिच्या प्रमाणानुसार २.२ ते ३.७ एकके दिलेली आहेत. वरचा आकडा घेतला तरी एक बस पावणेचार मोटारींची जागा व्यापते. एका मोटारीत सरासरी पावणेदोन माणसे धरली तर तेवढ्या जागेत साडेसहा माणसे जातात. बसमध्ये सहज ५० जातात. रस्ता रुंद करणे अशक्य असेल तेथे त्याची क्षमता वाढवण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला ठाऊक नाही.

येथे पुण्याच्या बीआरटीचा, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणाऱ्या जलद बससेवेचा, विषय येतोच. डिसेंबर २००६ मध्ये स्वारगेट-कात्रज रस्त्यावर प्रायोगिक मार्ग सुरू झाला, २०१५ पासून संगमवाडी-विश्रांतवाडी आणि पिंपरी-चिंचवडमधील मार्ग आले, आणि नगर रस्त्यावरील मार्ग तर पुढे काढूनच टाकण्यात आला. बीआरटी पुण्यात चालत नाही, असा समज त्यातून झाला आहे. मला तो मान्य नाही. स्वतंत्र मार्गिकेचा उपयोग तिच्यातून दर मिनिट-दोन मिनिटांनी बस गेली तरच होतो. ती बराच वेळ रिकामी दिसली तर शेजारी कोंडीत अडकलेल्या माणसाला ती अन्यायकारक वाटणार, आणि तसे वाटण्यात त्याची चूक नाही. केंद्र सरकारच्या सेवा-मानकांनुसार दर हजार लोकसंख्येमागे किमान ०.६ बस असणे हा उत्तम दर्जा समजला जातो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची मिळून लोकसंख्या ७० लाख धरली तरी ४,२०० बस हव्यात. दोन्ही शहरांची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलचा ताफा अनेक वर्षे दोन हजारांच्या आसपास घुटमळत राहिला. शिवाय मार्ग तुकड्यातुकड्यांत होते आणि चौकाच्या तोंडाशी, म्हणजे जेथे बसला प्राधान्याची सर्वाधिक गरज असते नेमके तेथेच, मार्गिका संपत होती. मार्गिका बांधायला निविदा काढता येते. बस, चालक, वेळापत्रक आणि शिस्त यांसाठी मात्र वर्षानुवर्षे पैसा आणि लक्ष द्यावे लागते. पायाभूत सुविधा म्हणजे काँक्रीट आणि लोखंड हा समज या क्षेत्रातील सर्वांत महागडा समज आहे.

नियोजनाची कायदेशीर चौकट मात्र जुनी आणि बऱ्यापैकी पक्की आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार प्रत्येक शहराचा विकास आराखडा होतो, त्यात रस्त्यांच्या रेषा आखल्या जातात, जागा आरक्षित होतात, प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते आणि शासन मंजुरी देते. साधारण २० वर्षांनी आराखडा सुधारायचा असतो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ या कालावधीचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. म्हणजे ज्या काळासाठी तो होता त्यातील निम्मा काळ मंजुरीपूर्वीच संपला होता. त्याआधीच्या १९८७ च्या आराखड्यात सुमारे ३६ किलोमीटरचा एक वर्तुळाकार मार्ग सार्वजनिक वाहतुकीसाठी आखलेला होता. पुढे त्याचे स्वरूप बदलत गेले, खासगी वाहनांसाठीही मार्गिका त्यात आल्या, आणि तो अद्याप झालेला नाही. रेषा आखणे सोपे असते. जमिनीचा ताबा मिळवणे अवघड असते. मोबदला रोख द्यायचा की टीडीआरच्या, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या, रूपाने, जागामालकाला तो पटतो का, न्यायालयात वाद किती वर्षे चालतो, यांवर रस्ता कधी होणार हे ठरते. म्हणूनच शहरात ठिकठिकाणी दोन्ही बाजूंनी पूर्ण झालेले आणि मधल्या दोनशे-तीनशे मीटरसाठी अडलेले डीपी, म्हणजे विकास आराखड्यातील, रस्ते दिसतात. अशा जोडण्या पूर्ण करण्याला मी कोणत्याही नव्या पुलाच्या आधी पैसे देईन. त्यांचे उद्घाटन मोठे होत नाही, परंतु वाहतुकीला अनेक वाटा मिळतात आणि एकाच चौकावरचा भार खरोखर हलका होतो.

दुसरी अडचण अधिकारांच्या वाटणीची आहे. पुणे परिसरात दोन महापालिका, तीन कटक मंडळे, २०१५ मध्ये स्थापन झालेले महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, औद्योगिक विकास महामंडळ, रस्ते विकास महामंडळ, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, महामेट्रो, पीएमपीएमएल, रेल्वे आणि वाहतूक पोलीस हे सर्व एकाच माणसाच्या एकाच प्रवासावर आपापला निर्णय घेतात. मेट्रोचे पहिले दोन मार्ग एका संस्थेकडे आहेत आणि हिंजवडीचा तिसरा मार्ग दुसऱ्या संस्थेकडे. विद्यापीठ चौकातील पूल बांधताना तेथून पुढे उच्च क्षमतेची सार्वजनिक वाहतूक न्यावी लागेल, असे गृहीत धरून खांबांची जागा आणि उंची ठरवली असती, तर पुढचा मार्ग खुला राहिला असता. तसे झाले नाही, कारण त्या चौकाचा पुढच्या ३० वर्षांचा विचार करण्याची जबाबदारी कोणा एकाची नव्हती. हिंजवडी मेट्रोचा मार्ग आखला गेला तेव्हा जुने पूल त्याच्या आड आले. नागपूरच्या वर्धा मार्गावर आणि पुण्यात नळ स्टॉपजवळ रस्त्याचा पूल आणि मेट्रो एकाच खांबांवर घेतले गेले. जागा आणि पैसा या दोन्ही दृष्टींनी ही पद्धत चांगली आहे, पण त्यासाठी दोन संस्थांनी एकाच वेळी एकाच नकाशावर बसावे लागते.

रस्त्याचे काम काय आहे हे ठरवून ते टिकवणे, हाही नियोजनाचाच भाग आहे आणि तो सर्वाधिक दुर्लक्षित आहे. कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्ग मुंबई-बंगळूर महामार्गावरील वाहने शहराबाहेरून नेण्यासाठी झाला. नंतर त्याच्या दोन्ही बाजूंना आंबेगाव, वारजे, बावधन, बाणेर असे शहर वाढत गेले, बांधकाम परवानग्या दिल्या गेल्या, आणि सेवा रस्ते मात्र अखंड झाले नाहीत. आज त्याच रस्त्यावर नव्या कात्रज बोगद्यातून उतार उतरणारे अवजड ट्रक आणि महाविद्यालयात निघालेल्या विद्यार्थ्याची दुचाकी शेजारी-शेजारी धावतात. याच मार्गावरील नवले पुलाजवळ वारंवार होणाऱ्या अपघातांना चालकाच्या चुका आणि ब्रेकमधील बिघाड कारणीभूत असतील. परंतु लांब पल्ल्याची आणि गल्लीतली रहदारी एकाच उतारावर एकत्र आणणारा निर्णय त्याआधीचा आहे. माणसे जीव गमावतात अशा ठिकाणी वेगमर्यादेचा फलक लावून नियोजनाची जबाबदारी संपत नाही.

खर्च आणि लाभाचा हिशेबही समजून घ्यावा. प्रकल्पाचा आर्थिक परतावा काढताना वाचलेला वेळ, इंधन, अपघात आणि प्रदूषण यांना रुपयांत मोजले जाते. २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार हा परतावा किमान १४ टक्के असावा लागतो, शिवाय मेट्रोखेरीज इतर पर्यायांचे विश्लेषण करणेही बंधनकारक आहे. मात्र हा सगळा हिशेब प्रवासीसंख्येच्या अंदाजावर उभा असतो. डेन्मार्कमधील अभ्यासकांनी १४ देशांतील २१० प्रकल्प तपासून २००५ मध्ये दाखवून दिले की, दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांत प्रवासीसंख्येचा अंदाज प्रत्यक्षाहून जास्त होता, आणि निम्म्या रस्ते प्रकल्पांत अंदाज व प्रत्यक्ष यांतील फरक २० टक्क्यांहून मोठा होता. निर्णय आधी होऊन त्याच्या समर्थनार्थ अहवाल तयार होतो तेव्हा असे घडण्याची शक्यता वाढते, आणि आपल्याकडे सल्लागाराला दिलेल्या कामाच्या नावातच ‘अमुक चौकातील उड्डाणपुलाचा प्रकल्प अहवाल’ असे लिहिलेले असते. त्या नावानंतर पर्यायांचा विचार कोण करणार?

आपल्या भागात एखादे काम जाहीर झाले आणि हरकती-सूचनांची मुदत सुरू असेल, तर केवळ विरोध किंवा पाठिंबा न नोंदवता काही गोष्टी लेखी मागाव्यात असे मी सुचवेन. वाहन गणना कोणत्या तारखांना झाली आणि त्या दिवशी शाळा-महाविद्यालये सुरू होती का. गर्दीच्या तासात या ठिकाणाहून वाहने किती आणि माणसे किती जातात. पुढच्या दोन चौकांची क्षमता तपासली आहे का. बस वाढवणे, सिग्नलच्या वेळा बदलणे, अपुरी जोडणी पूर्ण करणे या पर्यायांची तुलना अहवालाच्या कोणत्या प्रकरणात आहे. या जागेतून भविष्यात मेट्रो किंवा बीआरटी न्यायची झाल्यास खांब आड येतील का. आणि काम सुरू असताना तसेच पूर्ण झाल्यावर चालणाऱ्याने रस्ता कोठून ओलांडायचा. प्रकल्प अहवाल संकेतस्थळावर नसेल तर तो माहिती अधिकारात मागता येतो; त्यातील रहदारीच्या अंदाजाचे प्रकरण आणि त्याची परिशिष्टे आवर्जून मागावीत, कारण गृहीतके तेथेच लिहिलेली असतात.